मामांचा नामंजूर बाण

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला मंजुरी मिळेपर्यंत वाट पाहिली नाही. रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुढे त्यांचं चिऱ्याचं घर होतं. तिथल्या वहाळावर नवा साकव बांधून झाला, पण बड्या पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून त्याचं उद्घाटन महिनाभर अडलं. त्या महिनाभरात मामा रोज त्यावरून स्कूटर नेत होते. उद्घाटनाच्या सकाळी आडवी बांधलेली फीत दिसली, तेव्हा कोणीतरी व्रात्यपणानं वाट अडवली असं समजून त्यांनी ती सोडली, नीट गुंडाळली, कठड्यावर ठेवली, उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि बाजारात निघून गेले. पुढल्या वर्षाचं कॅलेंडर ते दिवाळीतच भिंतीवर लावत, आणि मामींचे दोन महिने उपवास चुकत. मी मुलगी पाहायला त्यांच्या बहिणीच्या घरी गेलो, तेव्हा अजून मुलगी बाहेरसुद्धा आली नव्हती. पोह्यांची बशी पुढं करत मामा म्हणाले, "घ्या जावईबापू, लाजू नका." माझे होणारे सासरे खाकरले, सासूबाईंनी भावाला डोळ्यांनी दटावलं. "अगो, ठरेल ते," मामा म्हणाले, "पण तोवर पोहे गार होतात, त्याचं काय?" हे किस्से आमच्याकडे अजूनही लग्नकार्यात सांगितले जातात आणि मंडळी पोट धरून हसतात. मी त्या वेळी पाणी आणायच्या निमित्तानं उठतो. मामांच्या या सवयीचा शेवट खरोखर कशानं झाला, हे त्या पंगतीत फक्त मला माहीत असतं.

मामा मूळचे वेळणेश्वरचे. तरुणपणी बोटीवर लागले, रेडिओ ऑफिसर म्हणून. कट्ट-कडकट्ट करून मोर्सच्या टिंब-रेघांच्या भाषेत संदेश पाठवायचे आणि कानाला फोन लावून घ्यायचे, हे त्यांचं काम. मिनिटाला पंचवीस शब्द ते झोपेतसुद्धा घेत, असं मामी सांगायच्या; त्याचा पुरावा म्हणजे झोपेत त्यांची बोटं उशीवर वाजत असत आणि मामींना जाग येई. मग उपग्रह आले. बोटीवरच्या कॅप्टनला थेट फोन उचलून बोलता यायला लागलं, आणि मामांना कंपनीचं पत्र आलं की यापुढं या हुद्द्याची गरज नाही. तेव्हा त्यांचं वय छत्तीस होतं. त्या पत्राविषयी ते माझ्याशी एकदाच बोलले. "भाषा मेली नव्हती हो, जावईबापू. भाषा चांगली धडधाकट होती. ऐकणारे उठून गेले." मग म्हणाले, "तेव्हाच ठरवलं. पुन्हा भाषा मला मागं टाकून जाणार नाही. मीच आधी पुढं जाऊन बसणार."

आणि ते खरोखरच पुढं जाऊन बसले. रत्नागिरीत एका संगणकाच्या क्लासात विशीतल्या मुलामुलींच्या मागच्या बाकावर बसून ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि त्यातही त्यांनी आपला स्वभाव नेला. मी स्वतः एका पुण्याच्या कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करतो, म्हणजे माझं पोट त्याच विद्येवर चालतं. पण मला त्या विद्येचं एवढं प्रेम कधी वाटलं नाही. मामा ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत, तिच्यात नवं काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवणारी एक समिती आहे. जगभरातली माणसं वर्षातून काही वेळा बसून चर्चा करतात, एकेक सूचना पायरीपायरीनं पुढं सरकवतात, काही वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. आमच्याकडे लोक विधानसभेच्या बातम्या वाचतात, तसे मामा त्या समितीचे वृत्तान्त वाचत. सकाळी चहा घेताना मामींना सांगत, "काल पुन्हा विषय पुढं ढकलला त्यांनी." मामी म्हणत, "मग आज भाजीला पडवळ आणा."

विषय होता एका चिन्हाचा. एक उभी रेघ आणि तिला चिकटून एक टोकदार कंस, दिसायला बाणासारखं. मामा त्याला बाणच म्हणत. त्याचा उपयोग त्यांनी मला पहिल्यांदा स्वयंपाकघरात, मामी सुरमईला हळद-मीठ लावत असताना समजावून सांगितला. "हे बघा, माणूस काय करतो? मासा आणतो, साफ करतो, मीठ लावतो, तळतो. आणि ही भाषा आपल्याला कसं लिहायला लावते? तळ. काय तळ? मीठ लावलेला. कशाला मीठ लावलेला? साफ केलेला. काय साफ केलेला? मासा. म्हणजे मासा शेवटी! उलटं, आतून बाहेर. माझा बाण असला की सरळ: मासा, बाण, साफ कर, बाण, मीठ लाव, बाण, तळ." मामी म्हणाल्या, "तळा मग. इथं तवा तापलाय."

हे चिन्ह भाषेत अजून आलेलं नव्हतं. पण मामा वाट पाहणाऱ्यांतले नव्हते. आपण लिहिलेलं यंत्राला चालेल अशा रूपात आणून देणारा जो प्रोग्रॅम असतो, कंपायलर, त्याला जोड लावता येते. तिला प्लगिन म्हणतात. प्लगिन लावलं की भाषेला अजून मान्य नसलेली चिन्हंसुद्धा कंपायलर चालवून घेतो. मामांनी ते सांगितलं ते असं: "कंपायलरच्या कानात हळूच सांगायचं, बाबा रे, हे तुला आज कळत नाही, उद्या कळणार आहे, तोवर घरचं समजून चालवून घे." त्यांचा सगळा स्वभाव त्या वाक्यात होता. मला तर वाटे, ते प्लगिन जगात कोणीतरी मामांसाठीच लिहिलं असावं. त्यांनी तो बाण मग सगळीकडे वापरला. मामींच्या किराणा यादीत वापरला. शेजाऱ्यांना पत्ता सांगताना कागदावर काढला. एकदा दिवाळीत रांगोळीची डबी घेऊन त्यांनी उंबऱ्यासमोर तो काढला आणि मामींनी तो ओल्या फडक्यानं पुसून तिथं गोपद्मं काढली, तर मामा दिवसभर जेवले नाहीत.

समितीत त्या बाणाची दोन रूपं चर्चेला होती. एक साधं, मामांना आवडणारं. दुसऱ्यात प्रत्येक पायरीवर, येणारी वस्तू नेमकी कुठं ठेवायची, हे आणखी एका खुणेनं दाखवावं लागे. मामांचा दुसऱ्याला कडवा विरोध होता. समितीच्या चर्चेच्या पानावर कोणालाही आपलं मत लिहिता येत असे, तिथं त्यांनी तारेच्या भाषेत, मोजक्या शब्दांत लिहिलं की साधं रूप घ्यावं, होडीत टोपली कुठं ठेवायची हे खलाशाला दर वेळी सांगावं लागत नाही. जगात कुठल्यातरी देशातल्या कोणीतरी त्याला अंगठा दाखवून पसंती दिली. तो अंगठा मामांनी मला, माझ्या बायकोला, नारळ पाडायला आलेल्या माणसाला आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्याला दाखवला.

या सगळ्यात मामांनी एक चांगलं काम केलं होतं आणि ते सांगताना मला अजून अभिमान वाटतो. जेटीवर मच्छीमारांची एक सोसायटी आहे. तिचे सचिव दाऊदभाई. मामांची आणि त्यांची गाठ मासे घेता घेता पडली आणि मैत्री झाली. होड्या किती वाजता गेल्या, कधी परत यायच्या, आल्या की नाही, हे सगळं दाऊदभाईंच्या डोक्यात असायचं, आणि दाऊदभाईंचं वय वाढत चाललं होतं. मामांनी त्यांना प्रोग्रॅम लिहून दिला. होडी निघाली की नोंद, परतली की नोंद, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता एक यादी: परतायची वेळ उलटून गेली तरी न आलेल्या होड्यांची. ती यादी सोसायटीत पडद्यावर दिसे आणि त्या त्या घरी फोनवर निरोप जाई. दोन वेळा त्या यादीमुळं शोधायला वेळेवर होड्या गेल्या होत्या. बाकी दिवशी यादी रिकामी असे. रिकामी यादी म्हणजे सगळी माणसं घरी. लोकांना तिची सवय झाली. फोन वाजला नाही की बायका निवांत भाकऱ्या थापत.

तो प्रोग्रॅम अर्थातच पहिल्यापासून शेवटपर्यंत बाणांनी भरलेला होता.

मग समितीचा कल दुसऱ्या रूपाकडे झुकला. मामांचं साधं रूप मागं पडलं. प्लगिन लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीतून ते काढून टाकलं. मामांनी जुनी आवृत्ती धरून ठेवली. मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल. "मामा, ते आता येणार नाही. साध्या, मान्य भाषेत लिहून टाका. तुमच्या घरी तुम्ही काहीही लिहा, पण सोसायटीचं काम आहे ते. उद्या संगणक बदलला तर चालायचं नाही." मामा शांतपणे म्हणत, "निकाल लागलेला नाही अजून. नुसता कल आहे." मी चिडून बायकोला सांगे, की तुझे मामा या वयात हट्टी पोरासारखे वागतात. ती म्हणे, "तुम्ही त्यांचं ते पत्र पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. अजून कपाटात आहे."

गेल्याच्या गेल्या वर्षी, सप्टेंबरात, खाऱ्या हवेनं सोसायटीचा संगणक कामातून गेला. त्याच वेळी मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मामा त्यांना घेऊन कोल्हापूरला होते. दाऊदभाईंनी नवा संगणक आणला आणि मला फोन केला. "मामांना कशाला त्रास द्यायचा? तुमी येऊन बसवून द्या." रविवार होता. मी गेलो. मामांचा प्रोग्रॅम त्यांच्या इंटरनेटवरच्या साठ्यातून उतरवून घेतला, आणि जे मी सांगत होतो तेच झालं. नव्या यंत्रावर जुनं प्लगिन चालेना आणि नवं प्लगिन मामांचा बाण ओळखेना. मामांना फोन करता आला असता. पण मला खरं म्हणजे बरं वाटलं. आपलं म्हणणं खरं झाल्याचा जो एक हलकट आनंद असतो, तो मला झाला. मी ठरवलं, आपणच एकेक बाण काढून साधं लिहून टाकू, आणि मामा आले की सांगू.

अठ्ठावीस ठिकाणी बाण होते. दाऊदभाईंनी दोनदा चहा आणून दिला. मी आतून बाहेर, मामांना न आवडणाऱ्या पद्धतीनं, एकेक ओळ बदलत गेलो. दीड तासात काम संपलं. होडी गेल्याची नोंद करून पाहिली, झाली. परतल्याची करून पाहिली, झाली. यादी उघडली, रिकामी. त्या दिवशी वारा होता म्हणून सगळ्या होड्या किनाऱ्यालाच होत्या, तेव्हा यादी रिकामीच असायला हवी होती. "चालू झालं," मी दाऊदभाईंना म्हणालो आणि घरी जेवायला आलो. मामांना फोन केला नाही. त्यांना वाईट वाटेल, समोरासमोर सांगू, असं बायकोला म्हणालो. मग मामींच्या डोळ्यात पू झाला आणि त्यांचा कोल्हापूरचा मुक्काम लांबला.

ऑक्टोबर संपत आला होता. 'सागरमाया' नावाची होडी सोमवारी पहाटे गेली. पाच माणसं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत परतणार होती. मंगळवारी यादी रिकामी होती. बुधवारी रिकामी होती. घरी कोणाचा फोन वाजला नाही, तेव्हा घरच्यांना वाटलं, जयगडला माल उतरवायला गेले असतील, तिकडे नेहमीच जातात. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मामा-मामी कोल्हापूरहून परतले. मामींना घरी सोडून मामा सवयीनं जेटीवर गेले. दाऊदभाई पुढं सांगायचे, मामा नुसते उभे राहिले आणि होड्या बोटानं मोजायला लागले. "सागरमाया कुठंय?" त्यांनी विचारलं. दाऊदभाई म्हणाले, "यादीत नाय, म्हंजे आली असंल. जयगडला गेली असंल." मामा आत गेले. पडद्यावरची रिकामी यादी त्यांनी पाहिली. मग सोमवारची, होडी गेल्याची नोंद पाहिली. परतल्याची नोंद शोधली, ती नव्हतीच. मग एकदम ओरडले, "दाऊद, फोन लाव. सगळीकडं लाव."

मला फोन आला तेव्हा मी कंपनीच्या मीटिंगमध्ये होतो. मीटिंग सोडून मी प्रोग्रॅम उघडला. चूक सापडायला मला चार मिनिटं लागली. वेळ उलटून गेलेल्या होड्या निवडण्याची जी पायरी होती, ती मामांनी दोन टप्प्यांत लिहिली होती: तिला आधी आत्ताची वेळ द्यायची, मग होड्या द्यायच्या. त्यांच्या बाणानं ते आपोआप होत असे. बाण काढताना मी दोन्ही एकदमच दिलं. तिनं वेळ घेतली, होड्या बाहेरच ठेवल्या, आणि कुठलीही तक्रार न करता रिकामी यादी दाखवली. गेले पाच आठवडे ती रोज रिकामीच होती, आणि त्या पाच आठवड्यांत उशीर कोणाला झालाच नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी ती ओळ दुरुस्त केली. लॅपटॉप मिटला. आणि कोणालाच काही बोललो नाही.

होडी शुक्रवारी सकाळी गुहागरच्या एका ट्रॉलरला दिसली, वेळणेश्वरच्या बाहेर खूप खोल पाण्यात, वाहत चाललेली. मंगळवारी इंजिन बंद पडलं होतं. बॅटरी उतरली, वायरलेस मुका झाला. हँडल मारून इंजिन सुरू करायला गेले तेव्हा ते उलटं फिरून रघुनाथ नावाच्या खलाशाच्या कपाळावर बसलं. चौघं जिवंत परत आले. रघुनाथ गुरुवारी संध्याकाळी होडीतच गेले. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर..."

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. बसायला जागा नव्हती. मी मागं दाराशी उभा होतो. दाऊदभाईंनी काय झालं ते सांगितलं. संगणक मी बसवला हे त्यांना ठाऊक होतं, पण प्रोग्रॅममध्ये मी काय बदललं ते नव्हतं. मग मामा उठले. पांढरा सदरा, हातात काही नाही. म्हणाले, "प्रोग्रॅम माझा आहे. भाषेत नसलेलं चिन्ह मी हौसेनं वापरलं. माझ्या जावयांनी मला पुष्कळदा बजावलं होतं, मी ऐकलं नाही. नवा संगणक आला तेव्हा त्यातूनच बिघाड झाला. रघुनाथचं जे झालं, त्याला मी जबाबदार आहे." कोणीतरी मागून ओरडलं, "म्हाताऱ्याची हौस आणि आमचा जीव!" मामांनी मान हलवली, जणू त्यांना एखादी बरोबर दुरुस्ती सुचवली होती. लोक वळून माझ्याकडे पाहत होते, सहानुभूतीनं. हाच तो जावई, ज्यानं बजावलं होतं. मी दाराशीच उभा राहिलो. मी ज्या क्षणी पुढं जायला हवं होतं तो क्षण किती लांबीचा होता, हे मी आजही मोजू शकेन. मग सभा संपली. दाऊदभाईंनी वही आणली, जाड, लाल पुठ्ठ्याची, आणि होड्या पुन्हा वहीत लिहायच्या असं ठरलं.

त्यानंतर मामांचं मामापण गेलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. ते प्रत्येक गोष्टीसाठी थांबायला लागले. ताट समोर असलं तरी "बसू का?" असं मामींना विचारत. मारुती मंदिराच्या चौकात रस्ता मोकळा असला तरी उभे राहत, मागच्या गाड्या भोंगे वाजवत. समितीचं पान त्यांनी पुन्हा उघडलं नाही. मी एकदा मुद्दाम विषय काढला तर म्हणाले, "ते बसतील. ठरवतील. आपण काय?" आम्हाला मुलगी झाली. सगळे तिला काही ना काही नावानं हाक मारत होते. मामा पाळण्याशी उभे राहून नुसते बघत. "मामा, हाक मारा ना," बायको म्हणाली. "बारसं होऊ दे गो बाय," ते म्हणाले. जो माणूस मुलगी बाहेर यायच्या आधी मला जावई म्हणाला होता, तो बारा दिवस माझ्या मुलीला काहीच म्हणाला नाही. बायको आत जाऊन रडली. मी पाळण्याची दोरी धरून तिथंच उभा राहिलो. मला आता हे सहन होईना.

मी मामांच्या पडवीत गेलो तेव्हा ते कोकमं वाळत घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं सांगितलं: रविवार, अठ्ठावीस बाण, दोन चहा, ती ओळ. मामांचे हात चालूच होते. माझं बोलून संपल्यावर ते म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"त्याच गुरुवारी. प्रोग्रॅममध्ये कोणी काय बदललं त्याची नोंद राहते ना. तुमचं नाव, तारीख, वेळ. नंतरची दुरुस्तीपण पाहिली मी. ती बरोबर होती."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

त्यांनी एक कोकम उलटून ठेवलं. "तुम्हाला इथं जन्म काढायचाय. बाय आहे, पोर आहे. लोकांना रागवायला एक माणूस पुरे होतो. आणि मी खोटं काय बोललो? मी जिथं तिथं तो बाण घातला नसता तर तुम्हाला काढावा लागला नसता."

"मी फोन करायला हवा होता, मामा."

"हो," ते म्हणाले. "करायला हवा होता."

माझ्यावर ते आयुष्यात एवढेच रागावले. मग म्हणाले, "रघुनाथच्या घरी जाऊन या. मी जातो, महिन्यातून एकदा."

रघुनाथच्या बायकोचं घर जेटीच्या वरच्या अंगाला आहे, दोन खोल्या आणि पुढं जाळी दुरुस्त करायचा ओटा. मी गेलो, ओट्यावर बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. मामांना सांगण्यापेक्षा ते सोपं गेलं, याची मला लाज वाटली. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. जाळ्याची एक गाठ आवळून म्हणाली, "मामांनी तुमचं नाव कधी घेतलं नाय." मग म्हणाली, "मला त्या यंत्रातलं काय कळत नाय. पाचजण गेले, चार आले, तेवढं कळतं. तुमचा राग येतो का, विचाराल तर येतो. पण मामा येतात ना, त्या दिवशी मी दोघांचा चहा टाकते. एकाचा टाकायला माझा हात अजून वळत नाय."

पुढच्या महिन्यापासून आम्ही दोघं बरोबर जायला लागलो. मामा स्कूटरवर मागं बसत. आता चालवत नव्हते. तिथं फारसं बोलणं होत नसे. कधी ती माशांच्या भावाविषयी बोले, कधी मामा विचारत, मुंबईहून मुलाचा फोन आला का. चहा व्हायचा. तीन कप. आम्ही उठायचो. परतताना वाटेत मामा क्वचित काही बोलत. एकदा म्हणाले, "तिनं आज साखर जास्त घातली." त्या दिवशी ते जरा बरे वाटले मला.

या फेब्रुवारीत मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत जाऊन दाऊदभाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "आता सांगताय," ते म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला, लाल पुठ्ठ्याची वही पुढं ओढली आणि समोर उभ्या असलेल्या एका होडीच्या तांडेलाला विचारलं, "तू कधी परत येणार?"

मी अजून दर महिन्याला रघुनाथच्या घरी जातो. एकटाच. चहा मिळतो. बसायला सांगितलं जातं. पण मी कडी वाजवली की ती दार उघडते, आधी माझ्या खांद्यावरून मागं वाटेकडे बघते, थोडा वेळ तशीच थांबते, आणि मग बाजूला होते.